एव्हरेटची पेटी बोटीवर आहे

आमच्या अमेरिकन लष्कराच्या छावणीत नवीन कुटुंब आलं की त्याला पहिल्या दिवशी तीन गोष्टी मिळतात: एक जाडजूड फाईल, एक नकाशा आणि मी. फाईल कुणी वाचत नाही, नकाशा दोन वर्षं जुना आहे आणि मी न विचारता बोलते. माझा नवरा चेस्टर इथे फर्स्ट सार्जंट आहे, म्हणजे दीडशे सैनिकांची आई. त्या दीडशे जणांच्या बायकांची सासू होण्याचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. सव्वीस वर्षांत ही आमची आठवी बदली, त्यात जर्मनी दुसऱ्यांदा. त्यामुळे नव्याने आलेली पोरगी कुठल्या दिवशी रडणार, हे मला तिच्या आधी कळतं. साधारण अकराव्या दिवशी, किराणा दुकानातून परत येताना, गाडी लावायच्या जागेवर.

पण सप्टेंबरात चेस्टर म्हणाला, "वर्ना, स्टाफ सार्जंट मरिएल क्लॉसन येतेय. हेलिकॉप्टरची मेकॅनिक. बरोबर सात वर्षांची मुलगी आणि नवरा."

"नवरा?"

"नवरा."

"म्हणजे आश्रित तो?"

"कागदावर तरी तोच."

आश्रित हा आमच्या सरकारी कागदांतला शब्द. सैनिकाच्या नावावर जे जे जगतं ते सगळं आश्रित. एका ठाण्यावर तर कारकुनाने माझ्या आणि आमच्या कुत्र्याच्या नावापुढे एकच खूण केली होती. कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड तयार असल्यामुळे त्याचं काम माझ्या आधी झालं.

विमानतळावरून आलेल्या बसमधून एव्हरेट क्लॉसन उतरला तेव्हा आधी बूट उतरले, मग बराच वेळ पाय उतरत राहिले आणि शेवटी डोकं. सहा फूट तीन इंच. हाताचे पंजे फावड्याएवढे. एका पंजात टिली, त्याची मुलगी, झोपेत लोंबकळत होती. नेब्रास्कातल्या एका लहान गावात त्याचं दुकान होतं. घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या आणि बॉयलर दुरुस्त करायचा, अठरा वर्षं. तिकडे जानेवारीत घरातली भट्टी बंद पडली की लोक आधी एव्हरेटला फोन लावायचे आणि तो उचलत नसला तर पाद्र्याला.

मरिएलच्या आधीच्या दोन बदल्यांना तो गेला नव्हता. दुकान होतं, गिऱ्हाइकं होती. मग शाळेत टिलीने 'माझं घर' असं चित्र काढलं. त्यात बाबा आणि ती दारात उभे होते आणि आई फोनच्या चौकटीत होती. बाईंनी त्या चित्राला चांदणी दिली आणि एव्हरेटने दुकान विकलं. टिलीला त्याने शब्द दिला होता: यापुढे तिघं एका घरात. हे त्याने मला बसपासून खोलीपर्यंतच्या चार मिनिटांत सांगून टाकलं. शांत माणसं कधी कधी दमल्यावर अशी एकदम रिकामी होतात.

"छान झालं मॅडम, शेवटी आलो एकदाचे," तो म्हणाला.

"मॅडम म्हणू नकोस. वर्ना म्हण."

"बरं मॅडम."

एकोणिसाव्या दिवशी मरिएलची तुकडी सरावासाठी पोलंडच्या जंगलात गेली. तीन महिन्यांसाठी.

आमच्याकडे याला कुणी अन्याय वगैरे म्हणत नाही, हवामान म्हणतात. पण एव्हरेट, टिली आणि चार सुटकेस छावणीतल्या तात्पुरत्या खोलीत राहिले. तात्पुरत्या खोलीचा नियम साधा आहे. साठ दिवस. त्याच्या आत भाड्याचं घर मिळालं पाहिजे, नाही तर कुटुंबाची परत पाठवणी. मुदत वाढवून मागता येते, पण ती सैनिकाने स्वतः हजर राहून मागायची. सैनिक जंगलात असला तर? मग मुदतवाढ नाही. बाकी सगळ्यासाठी आहे ना मुखत्यारपत्र. सैनिक जाताना सही करून देतो, मग त्याच्या वतीने घर घ्या, गाडी घ्या, मुलीला शाळेत घाला.

"मरिएलने करून दिलंय ना?" मी विचारलं.

"हो तर. निघायच्या आधीच, तिकडे, अमेरिकेत. दोन प्रती. जन्मदाखले, लग्नाचा दाखला, सगळं एका पिवळ्या फाईलमध्ये."

"शहाणा आहेस. कुठे आहे फाईल?"

त्याने कोपऱ्यातल्या चार सुटकेसकडे पाहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बदली झाली की सरकारतर्फे सामान बांधणारे लोक येतात आणि त्यांना जे दिसेल ते ते बांधतात. विचार करत नाहीत. टेक्सासमधून निघताना त्यांनी माझा कचऱ्याचा डबा कागदात गुंडाळला आणि कोरियात मी तो उघडला तेव्हा आत सात आठवड्यांची केळ्याची सालं आणि चेस्टरचे मोजे होते. म्हणून सैनिकांच्या बायका जे त्या लोकांनी न्यायचं नाही ते सगळं, कागदपत्रं, पासपोर्ट, औषधं, मांजर, न्हाणीघरातल्या टबात ठेवतात, दाराला चिकटपट्टी लावतात आणि स्वतः दारात खुर्ची टाकून बसतात. हे कुठल्याही फाईलमध्ये लिहिलेलं नाही. ते एकीने दुसरीला सांगायचं असतं. पण एव्हरेट कुणाचीही बायको नव्हता, त्याला कोण सांगणार?

"एव्हरेट, टबात ठेवली होतीस ना?"

"टबात? कागदपत्रं टबात कोण ठेवतं? मी हत्यारांच्या पेटीत ठेवली."

"हत्यारांच्या..."

"लोखंडी पेटी आहे, कुलूप आहे. आणि वर्ना, कारागिराच्या पेटीला कुणी हात लावत नाही. आमच्याकडे सख्खा भाऊसुद्धा लावत नाही."

सामान बांधणारे नेब्रास्काचे नव्हते. त्यांनी पेटी बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये छान गुंडाळली, वर 'स्वयंपाकघर' असं लिहिलं आणि ती बोटीवर गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घरांच्या कचेरीत घेऊन गेले. तिथे हेर ब्रुगर बसतात; हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. नियम अमेरिकेचे आणि अंमलबजावणी जर्मन. देवाने हे दोन एकत्र आणायला नको होते. माणूस वाईट नाही. ख्रिसमसला सगळ्यांना घरची बिस्किटं देतो, प्रत्येकी दोन, मोजून.

"मुखत्यारपत्र, मिस्टर क्लॉसन?"

"बोटीवर आहे."

"बोटीवरचं मुखत्यारपत्र मला इथून दिसत नाही."

"ते आहे, एवढं नक्की. मी स्वतः ठेवलंय."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," ब्रुगर मनापासून म्हणाले. "पण विश्वास जोडायला या अर्जात जागा नाही."

"मग मी काय करू?"

"तुमच्या पत्नीला बोलवा."

"ती पोलंडमध्ये जंगलात आहे."

"मग जंगलात नवीन करून घ्या. मूळ प्रत, शाईची सही, शिक्का. फोटो चालणार नाही."

एव्हरेट बाहेर आला आणि भिंतीवरचा गरम पाण्याचा रेडिएटर चाचपत उभा राहिला. "यात हवा अडकलीय," तो म्हणाला. "एक चावी फिरवली की झालं."

"चल," मी म्हटलं.

मरिएलचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, एखाद्या टेकडीवर चढून केलेला, दोन मिनिटांचा. त्या दोन मिनिटांत एव्हरेटने तिला मुखत्यारपत्राचं सांगितलं, टिलीने दात पडल्याचं सांगितलं आणि उरलेल्या वेळात "ऐकू येतंय का" झालं.

मधल्या काळात मी त्याला माणसांत आणायचा प्रयत्न केला. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्हा सैनिकपत्नींची कॉफी असते. निमंत्रणावर 'प्रिय सख्यांनो' असं छापलेलं होतं. एव्हरेट इस्त्रीचा शर्ट घालून आला, हातात बटाटे आणि चीज यांची नेब्रास्का पद्धतीची भरगच्च परात, आणि दारातून वाकून आत शिरला. बायकांनी त्याचं असं स्वागत केलं की त्याला पळून जावंसं वाटलं असणार.

"एव्हरेट, तुझी बायको तुला सोडून गेली तर माझा नंबर घेऊन ठेव," टेम्परन्स नावाची कॅप्टनची बायको परात चाटत म्हणाली.

"तिने सोडलेलंच आहे, मॅडम. पोलंडला गेलीय."

सगळ्या हसल्या. तोही हसला. मग त्याला टेबलावर ठेवायच्या फुलांच्या गुच्छाला रिबीन बांधायचं काम मिळालं. त्या फावड्याएवढ्या बोटांनी त्याने तासाभरात एक गाठ मारली. ती गाठ अजून कुणाला सुटलेली नाही.

परतताना गाडीत मी विचारलं, "कंटाळलास?"

"नाही. फुलं बरी होती." मग म्हणाला, "वर्ना, इथे मी काहीच करत नाही असं नाही. दिवसभर करत असतो. रांगेत उभा राहतो, अर्ज भरतो, डबा भरतो. पण संध्याकाळी हात स्वच्छच्या स्वच्छ. मला हात स्वच्छ असले की झोप येत नाही."

दोन देशांमधल्या करारानुसार आम्हा आश्रितांना बाहेर जर्मनांकडे काम करता येत नाही, छावणीतल्या नोकऱ्यांना रांग आहे. त्यामुळे या दुखण्यावर माझ्याकडे काही औषध नव्हतं. मी त्याला आईस्क्रीम खाऊ घातलं.

चाळिसाव्या दिवशी घर सापडलं. हिंटरबाख गावात, छावणीपासून बारा मिनिटांवर, फ्राऊ हापके, म्हणजे हापकेबाई, यांच्या घराचा वरचा मजला. फ्राऊ हापके अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. तरुणपणी अमेरिकन छावणीच्या मुदपाकखान्यात होत्या, त्यामुळे इंग्रजी बोलतात, फक्त हुकमाच्या सुरात. खोल्या उजेडाच्या. स्वयंपाकघर नावाची एक खोली होती, तिच्यात भिंतीतून बाहेर आलेले दोन पाईप सोडता काही नव्हतं. जर्मन भाडेकरू जाताना ओटासुद्धा घेऊन जातो. टिली तीन खोल्यांतून धावली आणि सांगत आली, "ही माझी, ही तुमची दोघांची, आणि इथे आपण तिघं जेवायचं."

फ्राऊ हापकेंनी एव्हरेटला खालून वरपर्यंत पाहिलं. पाहायला वेळ लागला.

"सैनिक तुम्ही?"

"नाही. माझी बायको."

"मग तुम्ही काय करता?"

एव्हरेटने स्वतःच्या पंजांकडे पाहिलं. मीच म्हटलं, "बॉयलर दुरुस्त करतो. नेब्रास्काचा आहे."

"बायको लढायला, नवरा घरी. बरं आहे. माझा नवरा दोन्हीकडे नव्हता, बारमध्ये असायचा," त्या म्हणाल्या. "ऐका नेब्रास्का, अजून एक जोडपं बघून गेलंय. त्यांना शुक्रवारी दुपारी बारापर्यंत उत्तर देते. त्याच्या आधी सही झालेला करार घेऊन आलात तर घर तुमचं."

शुक्रवार म्हणजे शेहेचाळिसावा दिवस.

मुखत्यारपत्राची खबर चेस्टरने काढली. जंगलात एक वकील अधिकारी होता, त्याच्यासमोर सही झाली होती. डाकेचा भरवसा नव्हता, म्हणून बायकोच्या बाळंतपणासाठी परतणारा एक कॉर्पोरल ते खिशात घालून आणणार होता. बाळाने वेळ पाळली तर कागद शुक्रवारी सकाळी येणार. म्हणजे क्लॉसन कुटुंबाचं घर आता एका न जन्मलेल्या पोराच्या हातात होतं. एव्हरेटच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून तो रोज हिंटरबाखला जाऊन फ्राऊ हापकेंच्या अंगणातली पानं गोळा करायला लागला. म्हातारीने मनाई केली नाही. खिडकीतून चुका काढल्या.

बुधवारी दुपारी तो माझ्या दारात आला. "वर्ना, स्क्रू ड्रायव्हर आहे का?"

"कशाला?"

"माझे सगळे बोटीवर आहेत."

"अरे, पण कशाला?"

"म्हातारीचा बॉयलर खोकतोय. पेट घेताना असा धाडकन आवाज येतो, खिडक्या हलतात. ती बिचारी दचकते. पानं गोळा करताना मी तीन दिवस ऐकतोय, वर्ना. तीन दिवस."

त्याचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी त्याच्यासमोर तीन दिवस लहान मूल रडू देत बसलं आहे. मी ओट्याच्या खणातला स्क्रू ड्रायव्हर दिला. आम्ही तो रंगाचे डबे उघडायला वापरतो. या कहाणीत माझा गुन्हा आहे तो हा.

तासाभराने तो परत आला तेव्हा कोपरापर्यंत काळा होता आणि हसत होता. दीड महिन्यात पहिल्यांदा मला त्याचे दात दिसले.

"बर्नरचं तोंड काजळीने भरलेलं. साफ केलं, हवा जरा वाढवली. दहा मिनिटं! आता मांजरासारखा गुरगुरतोय. म्हातारीने केक दिला."

"काही मोडलं नाहीस ना?"

"छे. एक बारीक तार होती, तिला शिशाचा मणी. ती काढली, मध्ये येत होती."

फ्राऊ हापकेंच्या दारावर एक चिठ्ठी आठवडाभर डकवलेली होती. ती जर्मनमध्ये असल्यामुळे एव्हरेटने वाचली नव्हती, आणि फ्राऊ हापकेंना ती दरवर्षीचीच असल्यामुळे त्यांनी सांगितली नव्हती. गुरुवारी धुराडी तपासणारा येणार होता.

इकडे हा माणूस म्हणजे साधासुधा माणूस नाही. काळा कोट, दोन ओळींत सोनेरी गुंड्या, आणि त्याला शिवलं की नशीब उघडतं अशी समजूत. फ्राऊ हापकेंनी त्याची बाही चाचपली. शाळेतून आलेल्या टिलीने दोन्ही हातांनी त्याचा कोट धरला, घरासाठी. मग तो तळघरात गेला. एव्हरेट त्याच्या मागे, अंगावर धुतलेला शर्ट, एका कारागिराने दुसऱ्याला काम दाखवावं तसा.

"याच्या तारेवरची शिशाची मोहोर कुणी काढली?" तपासनिसाने विचारलं. फ्राऊ हापकेंनी ते इंग्रजीत सांगितलं.

एव्हरेटने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "मी."

"परवाना आहे?"

"आहे. नेब्रास्काचा."

तपासनिसाने तेलाचा नळ बंद केला, त्याला नवी तार घातली, नवा मणी दाबला आणि तीन पानी कागद लिहिला. परवानाधारक तंत्रज्ञ येऊन तपासून सही करेपर्यंत बॉयलर पेटवायचा नाही. फ्राऊ हापकेंनी तंत्रज्ञाला फोन लावला. तंत्रज्ञ म्हणाला, दोन आठवड्यांनी, शुक्रवारी. बाहेर नोव्हेंबर होता.

"पण आता तो बरा झालाय!" एव्हरेट म्हणाला. "खोकत होता तेव्हा चालत होता, आणि बरा झाल्यावर बंद?"

"आधी मोहोर होती," तपासनीस म्हणाला आणि त्याने टिलीच्या डोक्यावरून हात फिरवला. काळा ठिपका राहिला.

शुक्रवारी सकाळी दहाला कॉर्पोरल आला. मुलगी झाली होती, वेळेवर. खिशातून त्याने मुखत्यारपत्र काढलं, चार घड्या पडलेलं, पण शाईची सही, शिक्का, सगळं. आम्ही अकराला ब्रुगरांसमोर होतो. त्यांनी ओळ न् ओळ वाचली. मान हलवली. मला वाटलं सुटलो. मग त्यांनी खणातून दुसरा अर्ज काढला.

"घराची तपासणी. पाणी?"

"आहे."

"वीज?"

"आहे."

"घर गरम होतं?"

मी टेबलाखालून एव्हरेटच्या बुटावर बूट दाबला. पण त्याला खोटं बोलायला शिकवणारं गाव नव्हतंच.

"नाही," तो म्हणाला.

"का नाही?"

"मी दुरुस्त केलं."

ब्रुगरांनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर क्लॉसन, थंड घराला मी मंजुरी देऊ शकत नाही. लहान मुलगी आहे. तंत्रज्ञाची सही कधी मिळेल?"

"दोन आठवड्यांनी. शुक्रवारी."

ब्रुगरांनी कॅलेंडरवर बोट सरकवलं. "साठावा दिवस," ते म्हणाले. आवाज जरा खाली आला होता. "कचेरी चारला बंद होते. चारच्या आत आणा. त्यानंतर फाईल माझ्याकडे राहत नाही, परतीच्या तिकिटांच्या टेबलावर जाते."

बाराच्या आत एव्हरेट हिंटरबाखला गेला, घर दुसऱ्या जोडप्याला द्या हे सांगायला. मी गाडीतच थांबणार होते, पण थांबले नाही. फ्राऊ हापके दोन कोट आणि नवऱ्याची टोपी घालून बसल्या होत्या.

"ते दोघं येऊन गेले," त्या म्हणाल्या. "आत आले, तोंडातून वाफ सोडली, पळाले. तुम्ही काय म्हणता?"

"माफ करा म्हणतो. मी जातो."

"कुठे जाता? बसा. ज्याने विझवलं त्याने इथे बसून माझ्याबरोबर गारठायचं. घर दोन आठवडे तुमच्यासाठी ठेवते. पण काही शिवायचं नाही. खिळा नाही, नळ नाही. हात कुठे?"

"जी?"

"हात! हात खिशात."

एव्हरेटने हात खिशात घातले.

ते दोन आठवडे मी पाहिलेत. टिलीला शाळेत सोडून तो रोज तिथे जायचा, म्हातारीच्या स्वयंपाकघरातल्या लहान शेगडीसाठी लाकडं वर आणायचा, बटाटे सोलायचा, आणि मग दोघं शेगडीपाशी कोट घालून पत्ते खेळत बसायची. पायांखाली सहा पायऱ्यांवर बॉयलर होता, साफ केलेला, तेल भरलेला. एक नळ फिरवला की सगळं घर गरम. त्याला ते ठाऊक होतं. दर थोड्या वेळाने त्याची नजर तळघराच्या दाराकडे जायची आणि म्हातारी पत्त्यांवरून मान वर न करता विचारायची, "हात कुठे?"

"खिशात, फ्राऊ हापके."

मरिएलचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, सगळं ठीक आहे. टिलीने विचारलं, परत जायचं का आपण? तो म्हणाला, बघू. आतापर्यंत तो तिला 'बघू' असं कधी म्हणाला नव्हता, 'करू' म्हणायचा. हे मला टिलीनेच सांगितलं.

साठाव्या दिवशी तंत्रज्ञ अकराला येणार होता. बारा वाजले. एक वाजला. त्याची गाडी कुठेतरी अपघातामुळे लागलेल्या रांगेत अडकली होती. एव्हरेट फाटकाशी उभा, मी गाडीत इंजिन चालू ठेवून. दोन वाजता तो माझ्या खिडकीशी आला, गाडीतलं घड्याळ पाहिलं आणि परत गेला. साडेतीनला पाच कमी असताना लाल गाडी आली आणि तिच्यातून पंचविशीतला एक तंत्रज्ञ निवांत उतरला. हात धुतले. बूट पुसले. एव्हरेटने हात खिशात एवढे घट्ट रोवले होते की खिशाच्या शिवणी ताणल्या होत्या.

तळघरात तंत्रज्ञाने बॉयलरचं तोंड उघडलं, दिव्याने पाहिलं, नळ सोडला, पेटवला. गुरगुर सुरू झाली. मीटर लावून तो काही आकडे बघत राहिला.

"कुणी लावलंय हे?"

"नेब्रास्का," फ्राऊ हापके म्हणाल्या.

"बरोबर आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "मी काहीच बदललं नाही." त्याने तार ओवली, मणी दाबला, सही केली. दहा मिनिटं लागली.

त्या बारा मिनिटांच्या रस्त्यावर मी जे केलं ते जर्मन पोलिसांच्या कानावर न गेलेलं बरं. चारला आठ कमी असताना कागद ब्रुगरांच्या टेबलावर पडला. त्यांनी तो सरळ केला, ओळ न् ओळ वाचला, शिक्का मारला. मग खणातून फ्राऊ हापकेंनी ठेवायला दिलेल्या किल्ल्या काढल्या आणि बिस्किटांचा डबा. एव्हरेटला तीन दिली.

इथेच संपवावं असं मला फार वाटतं. पण शनिवारी सकाळी चेस्टर फोन ठेवून माझ्याकडे वळला आणि मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. पोलंडमधली तुकडी तीन महिन्यांवरून सहा महिन्यांवर गेली होती. एप्रिलपर्यंत. कुटुंबांना सांगायचं काम माझं.

मी पोचले तेव्हा छावणीतून उसने आणलेले तीन पलंग खोल्यांत लागले होते. टिली पुठ्ठ्याच्या खोक्यावर तीन ताटल्या मांडत होती. एव्हरेटला मी जिन्यात गाठून सांगितलं. असं सांगायची एक पद्धत मला सव्वीस वर्षांत जमली आहे: लवकर, आणि त्याच्याकडे न बघता.

"एप्रिल," तो म्हणाला.

"एप्रिल. वाढलं नाही तर."

"कुणाला भेटलं तर काही होईल? अर्ज वगैरे?"

"नाही रे."

त्याने मान हलवली. वर जाऊन टिलीला सांगितलं असावं, कारण ताटल्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. तीनच्या तीन ताटल्या तिने तशाच ठेवल्या.

पुढच्या बुधवारी सामान आलं. 'स्वयंपाकघर' असं लिहिलेल्या प्लास्टिकमधून पेटी निघाली. एव्हरेटने कुलूप उघडलं. वरच पिवळी फाईल, दोन्ही मुखत्यारपत्रं, एक सुरकुतीसुद्धा नाही. खाली त्याचे पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर आकाराप्रमाणे झोपलेले. त्याने एकेक उचलून पुसला आणि जागेवर ठेवला. मग माझा रंगाचे डबे उघडायचा स्क्रू ड्रायव्हर मला परत दिला, तोही पुसून.

मी निघाले तेव्हा तो तळघराच्या दाराशी वाकून उभा होता. फ्राऊ हापकेंनी त्या दाराला नवीन कुलूप घातलं आहे आणि किल्ली त्यांच्या ॲप्रनच्या खिशात असते. एव्हरेटचा कान फळीला टेकलेला होता.

"काय ऐकतोस?"

"तिसऱ्यांदा पेट घेताना अर्धा सेकंद उशीर करतोय."

"मग?"

"मग काही नाही. करतोय."

स्वयंपाकघरातून येणारा पत्ते पिसल्याचा आवाज थांबला.

"काय रे नेब्रास्का," फ्राऊ हापकेंनी हाक मारली, "हात कुठे?"

"खिशात, फ्राऊ हापके."